तळघरातले चार बोल्ट

१

चोराने नेले काय, तर चार बोल्ट. तळघरात तांब्याची तार होती, पितळी झडपा होत्या. त्यांना हातसुद्धा लावलेला नव्हता. नव्या पंपाची लोखंडी चौकट जमिनीला जखडून ठेवणारे, अंगठ्याएवढे जाड चार बोल्ट तेवढे नाहीसे झाले होते. रविवारी पहाटे सोसायटीच्या सेक्रेटरींनी नित्याप्रमाणे बटण दाबले आणि पंप चौकटीसकट डुलू लागला. त्यांनी घाबरून तो बंद केला, यंत्रखोलीला कुलूप घातले, आणि चाळीस बिऱ्हाडांचे पाणी थांबले.

साडेदहाला मास्तर येऊन पोहोचले. तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत तीस वर्षे मुलांना कानशीपासून लेथपर्यंत शिकवून ते निवृत्त झाले होते. या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण, अक्का, एकटी राहत असे. भाचा जिन्यातच उभा होता.

"मामा, आईनं भलतंच करून ठेवलंय."

"तिनं केलंय, की तिनं केलं असं लोक म्हणतात?"

"लोक दुसरं काय म्हणणार? तीन महिने ही एकटीच सांगत सुटलीय, पंपाची घरघर डोक्यात शिरते म्हणून. चार वेळा कमिटी येऊन गेली. कुणाला ढिम्म ऐकू आलं नाही. आणि आज पंपच खिळखिळा सापडतो." भाच्याने आवाज खाली घेतला. "पाच वाजता सभा आहे. सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही त्यांना घेऊन जा, नाहीतर आम्हाला पोलिसांत जावं लागेल. मी नेतोय तिला. हे घर बंद."

"कायमचं?"

"नसलेले आवाज ऐकणारं माणूस एकटं कसं ठेवू, तुम्हीच सांगा."

मास्तरांनी चपला काढल्या. ते आत गेले. अक्का खिडकीपाशी ताठ बसल्या होत्या.

"आलास? बस. माझ्यावर आळ आहे, त्यामुळे चहा मिळायला उशीर होईल."

"अक्का, सरळ विचारतो. तू काढलेस?"

"माझ्या गुडघ्याला विचार. खाली बसले की उठवायला दोन माणसं लागतात. चोरी करायला जाताना ती दोघं बरोबर घेऊन जाऊ?" त्यांनी पदर सारखा केला. "पण खोटं नाही बोलत. काल दुपारनंतर घरघर थांबलीय. तीन महिन्यांत पहिल्यांदा सलग झोपले. सकाळी दारात म्हटलं, ज्यानं कुणी केलं त्याचं भलं होवो. ते शेजारणीनं ऐकलं."

"घरघर पूर्ण थांबली?"

"पूर्ण."

"मग वाईट झालं," मास्तर म्हणाले. "ती होती, हे आता कशानं सिद्ध करायचं?"

२

अक्कांनी एक वही पुढे सरकवली. रोजच्या तारखेपुढे घरघरीला दहापैकी गुण दिले होते. पेपर तपासावेत तशा शांत हातांनी मास्तरांनी पाने उलटली. पाच तारखेला आठ. मग उतरत उतरत महिनाअखेरीस पाच. पुन्हा पुढच्या पाच तारखेला आठ. तिन्ही महिने तेच.

"पाच तारखेला काय असतं?"

"मला काय ठाऊक? मी फक्त गुण देते."

"कमिटीची माणसं आली, तेव्हा कुठं उभी राहिली?"

"कुठं म्हणजे? पाहुणे राहतात तिथं. खोलीच्या मध्यावर, पंख्याखाली. कुणाच्या मोबाइलवर आवाज मोजायचं काहीतरी होतं, तेही तिथंच धरलं. मी म्हणत होते, माझ्या उशीपाशी या. परक्या बाईच्या उशीपाशी कोण येणार? लाजले आणि गेले."

पलंगाची उशाकडची बाजू भिंतीला टेकलेली होती. मास्तरांनी खिशातून फीत काढली आणि भाच्याला दुसरे टोक धरायला लावून खोलीची लांबी घेतली. पावणेबारा फूट. आकडा त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहिला आणि ते सेक्रेटरींना गाठायला खाली उतरले.

सेक्रेटरी नियमाने चालणारे गृहस्थ होते. ते यंत्रखोलीच्या बरोबर डोक्यावर, तळमजल्यावर राहत. यंत्रखोली दाखवताना त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा अपमान जास्त होता.

"पाहा, काय अवस्था केलीय. पंप बसवला त्याच आठवड्यात सगळं राखाडी रंगवून घेतलं होतं मी. हॉस्पिटलसारखी खोली ठेवलीय."

खोली खरोखरच लख्ख होती. मास्तरांनी गुडघ्यांची समजूत घालून चौकटीशेजारी बैठक मारली. चौकट चार जाड स्प्रिंगांवर उभी होती. बोल्टांची चार भोके रिकामी होती, पण उघडी नव्हती. प्रत्येकात तेलात भिजवलेल्या कापडाचा छोटा बोळा बसवलेला होता. भोकाभोवती, जिथे बोल्टाचे डोके टेकत असे तिथे, राखाडी रंग उडून खालून लाल कडे डोकावत होते. पंपाला नळाशी जोडणारा रबरी जोड सरळ होता. कुठे पीळ नाही, ताण नाही.

पंपावरच्या पत्र्यावर फेऱ्यांचा आकडा कोरला होता. मास्तरांनी तो साठाने भागला. सेकंदाला अठ्ठेचाळीस.

"हा तक्ता कसला?" त्यांनी भिंतीकडे बोट केले.

"मासिक तपासणीचा. मीच आखलाय. दर पाच तारखेला फिटर येतो, एकेक बाब तपासून खूण करतो."

तिसरी ओळ होती: सर्व बोल्ट आवळले. त्यापुढे तीन महिन्यांच्या तीन ठळक खुणा होत्या.

"खोलीची चावी?"

"एकच. माझ्या घरात, दाराआडच्या खिळ्याला. कोण नेतो, कधी आणतो, सगळं नोंदवहीत आहे. शनिवारी कुणीही नेलेली नाही. सकाळी मी स्वतः खोली पाहिली, सगळं जागेवर होतं. टाकी भरली की दोन ते चार पंप बंद असतो, तेव्हा मी जरा पडतो. संध्याकाळी तो घड्याळावर आपोआप लागतो, पहाटेचा तेवढा मी हाताने लावतो. पण आमची ही घरातच असते. तुमच्या अक्कांनी दुसरी चावी करवून घेतली असणार."

मास्तरांनी तिथूनच फिटरला फोन लावला. तो शुक्रवारपासून परगावी, सासरी होता.

"ते चार बोल्ट मुळात कोणत्या रंगाचे होते?"

"लाल," फिटर म्हणाला. "पंपाबरोबरच आले, लावलेलेच होते. लाल म्हणजे धोका, धोका म्हणजे काढायचे नाहीत, एवढं कळतं मला. नंतर साहेबांनी रंग मारून घेतला. मी दर महिन्याला नीट आवळतो. तक्त्यात तसा रकानाच आहे."

मास्तरांनी फोन खिशात ठेवला आणि सेक्रेटरींकडे पाहिले.

"तुमच्या चोराला पंप मोडायचा नव्हता. तो दुरुस्त करायला आला होता."

३

"मला पंपाबरोबर आलेलं माहितीपुस्तक दाखवा," मास्तर म्हणाले, "मग सांगतो."

सेक्रेटरींच्या घरात फायली उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या. माहितीपुस्तकाच्या प्रत्येक पानावर त्यांनी क्रमांक घातला होता, वर प्लॅस्टिकचे आवरण चढवले होते, आणि ते कधीही वाचलेले नव्हते. मास्तरांनी तिसरे पान उघडून त्यांच्यापुढे धरले. पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी लाल रंगाचे चार बोल्ट काढून टाकावेत; ते केवळ वाहतुकीसाठी आहेत.

सेक्रेटरींनी ते दोनदा वाचले. "म्हणजे पंप डुलायलाच हवा?"

"स्प्रिंगांवर बसवलाय कशाला? डुलतो तो पंप, आणि इमारत शांत राहते. तुमच्या बोल्टांनी स्प्रिंगांना रजा दिली होती. पंपाचा प्रत्येक धक्का थेट जमिनीत, जमिनीतून खांबात, खांबातून वर. दर पाच तारखेला तुम्ही तो रस्ता आणखी पक्का करून घेत होता. अक्काच्या वहीत पाच तारखेलाच घरघर चढते."

"हे तुमचं गणित झालं. वही त्यांची, गुण त्यांचे." सेक्रेटरींचा सूर कडक झाला. "मी बरोबर पंपाच्या डोक्यावर झोपतो, मास्तर. मागच्या सभेतही सांगितलं होतं, मला ऐकू येत नाही तर वर कुणाला येणार? लोक हसले. मला तीन महिन्यांत एक दिवसही आवाज आलेला नाही. बोल्ट नको होते, मान्य. पण काढले कुणी? ज्यांना त्रास होतो म्हणतात त्यांनीच ना?"

मास्तरांची नजर उघड्या दारातून आतल्या खोलीत गेली. अक्कांच्या खोलीच्या बरोबर खालची ही खोली, तेवढीच लांब. पण पलंग भिंतीला नव्हता. खोलीच्या मधोमध, पंख्याखाली, चारही बाजूंनी फिरता येईल असा उभा होता. भिंतीजवळच्या फरशीवर मात्र पायांच्या चार जुन्या खुणा होत्या.

"पलंग असा मध्ये का?"

"हिनं सरकवला. वारा चांगला लागतो म्हणे. आणि लागतोही. नवा पंप आला त्या आठवड्यात माझं डोकं जड व्हायचं, पलंग सरकवला आणि थांबलं."

तेवढ्यात सेक्रेटरींच्या पत्नी चहा घेऊन आल्या. साऱ्या इमारतीच्या त्या काकू. बेताच्या बोलणाऱ्या. साखर कमी आहे का, विचारून त्यांनी बरणी उघडली, चमचाभर घातली आणि झाकण परत लावले. ते लावताना त्यांनी आधी झाकण उलटे फिरवले, अर्धा फेरा, खट्कन आटे बसल्याचे कळेपर्यंत. आणि मगच सुलट आवळले.

ही खोड कुणी घरात शिकत नाही. मास्तरांनी तीस वर्षे ती मुलांच्या हातांना लावली होती.

४

सेक्रेटरी सभेचा कागद लिहायला बसले, तेव्हा मास्तर कपबशी ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले.

"कुठल्या कारखान्यात होता, काकू?"

काकूंचा हात नळावरच थांबला. नळाला अर्थातच पाणी नव्हते.

"घड्याळाच्या," त्या म्हणाल्या. "लेथवर. लग्नाआधी सहा वर्षं. का?"

"चार बोल्ट काढायचे तर अडाणी माणूस एका कडेनं काढतो. मग चौकट एका बाजूला उचलते आणि रबरी जोडाला पीळ पडतो. इथं जोड सरळ आहे. म्हणजे समोरासमोरचे, थोडे थोडे सैल केलेत. चौकटीवर पान्याचा एकही ओरखडा नाही. भोकात धूळ जाऊ नये म्हणून तेलाचे बोळे घातलेत. इतक्या मायेनं चोरी करणारा चोर मी पाहिला नाही."

"चोरी कशाला म्हणता?"

"बरं, नाही म्हणत. पंपाच्या या वेगाचा आवाज पावणेबारा फुटांच्या खोलीत भिंतींपाशी साचतो आणि मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. पलंग मध्ये कुणी आणावा? ज्याला भिंतीपाशी तो ऐकू येत होता त्यानं. तुमच्या यजमानांना खरंच ऐकू येत नव्हतं, कारण तुम्ही त्यांना शांत जागी नेऊन झोपवलंत. आणि त्या जोरावर ते सभेत बोलले."

काकूंनी ओटा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

"सभेत ते बोलले तेव्हा मी शेवटच्या रांगेत होते," त्या म्हणाल्या. "त्याच वेळी उठून, यांना काही कळत नाही, असं चाळीस घरांपुढं सांगायचं? मनात म्हटलं, आज घरी सांगू. घरी गेल्यावर म्हटलं, उद्या. परवा यांची फाइल पुसताना ते पान वाचलं."

"आणि काल यजमान झोपले, तेव्हा खिळ्यावरची चावी घेतलीत."

"आवाज थांबेल, कुणाला पत्ता लागणार नाही, असं वाटलं. पंप डुलेल हे ठाऊक होतं. ते बघून हे घाबरतील, हे ठाऊक नव्हतं."

"बोल्ट कुठं आहेत?"

काकूंनी फडके घडी करून ठेवले.

"काकू, मी सभेत तुमचं नाव घेणार नाही. घेऊन उपयोगही नाही. पलंगाची जागा आणि बरणीचं झाकण हा काही पुरावा नव्हे. पण एक लक्षात घ्या. तुम्ही आवाज थांबवलात, त्याबरोबर अक्काचा साक्षीदारही गेला. ते बोल्ट परत लावून तिच्या मुलाला तो आवाज ऐकवता आला, तरच तो तिला इथं ठेवील. तसले बोल्ट आज, रविवारी, दुसरीकडं मिळायचे नाहीत. पाच वाजता ते नसतील, तर सहाला अक्का गाडीत बसलेली असेल."

काकूंनी पाठ वळवली. मास्तर कपबशी ओट्यावर ठेवून बाहेर पडले.

५

सभा तळमजल्याच्या मोकळ्या जागेत भरली. चाळीस घरांतून तीसेक माणसे आली. पाणी नसले की माणसे वेळेवर येतात. अक्का पुढच्या खुर्चीत, शेजारी भाचा. सेक्रेटरींनी प्रामाणिकपणे बोल्टांबद्दलची स्वतःची चूक आधी वाचून दाखवली. मग म्हणाले, "तरीही प्रश्न उरतोच. सांगितलं असतं तर आपणच काढले असते. न सांगता, चोरून यंत्राला हात लावणं धोक्याचं आहे. अक्कांना कसलातरी भास होतो—"

"भास नव्हे," अक्का म्हणाल्या.

"आई, राहू दे आता," भाचा हळूच म्हणाला. "मी नेतोय ना तुला."

मास्तर उठून उभे राहिले. सांगण्यासारखे त्यांच्याजवळ पुष्कळ होते. दाखवण्यासारखे काहीच नव्हते. त्यांनी स्प्रिंगा समजावल्या, खोलीची लांबी सांगितली, वहीतल्या पाच तारखा वाचल्या. लोक ऐकत होते, पण लग्नात भटजींचे ऐकावे तसे.

"हे सगळं कागदावर ठीक आहे, मास्तर," मागून कुणीतरी म्हणाले. "ऐकवून दाखवा की."

मास्तरांनी वही मिटली. भाच्याने घड्याळाकडे पाहिले आणि आईचा हात धरून तिला उठवू लागला.

शेवटच्या रांगेतून काकू पुढे आल्या. त्यांनी पत्र्याचा एक डबा टेबलावर ठेवला, झाकण काढले आणि आतली गुंडाळी सोडली. चारही बोल्ट पुसून, तेल लावून, कापडात ठेवलेले होते.

"मी काढले," त्या म्हणाल्या. "अक्कांच्या मुलाला ऐकवायचंय ना? चला, लावून देते. दहा मिनिटं लागतील."

सेक्रेटरींनी बायकोकडे असे पाहिले, की जणू एखाद्या फाइलमधून भलताच कागद निघाला.

"तू? का?"

"ऐकू यायचं म्हणून. आधी काम करू. मग तुम्ही विचारा, मी सांगते."

६

दहा मिनिटांनी मास्तर, भाचा, सेक्रेटरी आणि कमिटीतले दोघे अक्कांच्या खोलीत उभे होते. अर्थात मधोमध, पंख्याखाली. खालून फोन आला, बोल्ट आवळले, पंप चालू केला.

"मला काही ऐकू येत नाही," सेक्रेटरी म्हणाले. त्यात विजय नव्हता. असलीच तर थोडी विनवणी होती.

"दोन पावलं मागं या. अजून. आता डोकं भिंतीला टेका."

सेक्रेटरींनी डोके टेकले. काही क्षण त्यांचा चेहरा तसाच राहिला. मग त्यांनी तोंड किंचित उघडले, गिळल्यासारखे केले, आणि दोन्ही तळवे भिंतीवर ठेवले. कमिटीतले दोघे आळीपाळीने भिंतीला टेकले आणि एकमेकांकडे बघू लागले.

भाचा आईच्या पलंगावर आडवा झाला होता, तिच्याच उशीवर डोके ठेवून. मास्तर त्याच्याकडे पाहत होते. ऐकू येण्यापेक्षा छातीत, दातांत बसणारा तो आवाज. लांब कुठेतरी अवजड गाडी उभी आहे आणि ती निघतच नाही, असा. एक मिनिट गेले. भाचा उठून बसला.

"मामा, हे दिवसभर?"

"पंप चालू असेल तोवर. दिवसातून पाच-सहा तास. पहाटे सर्वांत जास्त."

"आणि मी तिला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. मग दुसऱ्या डॉक्टरकडं." कोणत्या, ते त्याने सांगितले नाही. तो खाली गेला, आणि त्याच्या मागोमाग सगळे.

यंत्रखोलीत काकू चौकटीशेजारी फरशीवर बसून बोल्ट पुन्हा काढत होत्या. एक इकडचा, एक समोरचा, थोडा थोडा. सेक्रेटरींनी न सांगता टॉर्च उचलला आणि धरला.

"जरा खाली धरा," काकू म्हणाल्या. "माझ्या तोंडावर नको."

शेवटचा बोल्ट निघाला. चौकट अंगठ्याच्या जाडीइतकी वर आली. मास्तरांनी बटण दाबले. पंप डुलला आणि स्थिरपणे डुलत राहिला. मास्तरांनी जमिनीवर तळवा ठेवला. फरशी गार आणि मुकी होती. नळांत पाणी चढू लागले.

तेवढ्यात भाच्याचा दंड धरून, एकेक पायरी तोलत अक्का खाली आल्या. लोक बाजूला झाले. त्यांनी पंपाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या काकूंपुढे उभ्या राहिल्या.

"तुम्हाला ऐकू येत होतं."

"हो."

"मला सगळे हसले, त्या दिवशीही?"

काकू उठल्या नाहीत. पाना मांडीवर धरून म्हणाल्या, "त्या दिवशीही."

"मी वहीत गुण लिहीत होते. आपलं डोकं फिरलंय की नाही, ते बघायला. एकदा वर येऊन, मलाही येतं ऐकू, एवढं म्हणाला असता तर वही लागली नसती."

"चुकलं माझं, अक्का. बोल्ट काढणं सोपं वाटलं. बोलणं नाही वाटलं."

सेक्रेटरींनी काही बोलायला तोंड उघडले. मास्तरांनी त्यांच्या हाताला नुसता स्पर्श केला. ते थांबले.

"आई," भाचा म्हणाला, "मी सकाळी काय काय बोललो..."

"ते आपण वर गेल्यावर बघू. तुझी गाडी सहाची ना? तू नीघ. एकटाच नीघ." आणि अक्का पुन्हा काकूंकडे वळल्या. "मला तुमचा राग आलाय, हे सांगून ठेवते. तो जायला वेळ लागेल. पण लागू दे. मी आता कुठं जात नाही."